ओढ्याचा काठ सोलू नका : उद्यान विभागाला खुले पत्र

मा. उद्यान अधीक्षक आणि उद्यान समितीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

ओढ्याच्या दोन्ही काठांच्या सुशोभीकरणाचा आराखडा आपल्या समितीने मंजूर केला आहे. काठावरची झुडपं आणि उंच गवत काढायचं, उतार यंत्राने एकसारखा करायचा, पाण्यालगत दगडी भिंत बांधायची, वर पेव्हर ब्लॉकचा रस्ता आणि उरलेल्या जागेत लॉन, असं त्याचं स्वरूप आहे. सोबत गृहसंस्थांनाही सूचना गेली आहे की आवारात गुडघ्याच्या वर वाढलेलं गवत आणि झाडाखालचा पालापाचोळा दिसला तर कारवाई होईल. या दोन्ही गोष्टींना माझी हरकत आहे. ती मी विभागाकडे लेखी नोंदवली. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. हा ओढा पुढे नदीला मिळतो आणि त्या नदीचं पाणी आपल्या सगळ्यांच्या नळाला येतं. म्हणून उरलेल्यांनाही वाचता यावं अशा रीतीने हे पत्र लिहिते आहे.

आधी माझा या प्रकरणाशी संबंध काय ते सांगते. जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेतून मी रसायनतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाले. बागा मी नोकरीभर नळाच्या बाजूने पाहिल्या. वरच्या अंगाला कुणी काय खणलं, काय पेरलं, काय फवारलं, हे आम्हाला कुणी कळवत नसे. ते नमुन्याच्या बाटलीतून कळायचं. मोठा पाऊस पडून गेला की पाण्याचा गढूळपणा चढायचा. मग सहा चंचुपात्रांत तुरटीच्या वेगवेगळ्या मात्रा घालून ढवळायचं, कोणत्या पात्रात गाळ नीट बसतो ते पाहायचं आणि त्यावरून मोठ्या टाकीतली मात्रा ठरवायची. काठावरची माती मुळांनी धरून ठेवली तर तेच काम विनाखर्च होतं. मुळांनी सोडलेली माती पुन्हा धरायची तर तुरटी, वीज आणि माणसं लागतात, आणि बसलेला गाळ टाकायचा कुठे हा प्रश्न वेगळाच.

गाळ निदान डोळ्यांना दिसतो. विरघळून येतं ते दिसत नाही, आणि तुरटी, वाळूची गाळणी, क्लोरीन या नेहमीच्या साखळीत ते अडकतही नाही. खतातलं नायट्रेट त्यातलंच. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कारण जास्त नायट्रेटच्या पाण्यात कालवलेलं बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटू शकते. असं पाणी उकळून उपयोग नसतो. पाणी आटतं तसं नायट्रेट दाटच होत जातं.

आपला आराखडा मी शेवटच्या पानापर्यंत वाचला. त्यात पाण्याचा उल्लेख दोन ठिकाणी आहे : कारंजं आणि लॉनची शिंपणी. पडलेला पाऊस कुठे जाईल, याबद्दल एक ओळसुद्धा नाही.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी हरकत लॉनवर आहे. लॉन हिरवं दिसतं, म्हणून ते निसर्गाच्या बाजूचं असणार असं आपण धरून चालतो. ते तयार कसं होतं ते बघा. आधी वरची सुपीक माती खरवडली जाते. मग यंत्रं फिरतात, रोलर फिरतो, आणि मातीतल्या ज्या बारीक पोकळ्यांतून पाणी खाली उतरायचं त्या चेपून जातात. त्यावर आखूड मुळांच्या एकाच गवताचा थर बसतो. ते सतत कापायचं, म्हणजे मुळं खोल जायला कारण उरत नाही. कापलेलं गवत उचलून न्यायचं, म्हणजे त्यातलं अन्नही जातं आणि खत घालणं भाग पडतं. जमीन घट्ट असल्यामुळे जोराच्या सरीत ते खत खाली मुरण्याऐवजी वरच्या वर निघून जातं, आणि उतार ओढ्याकडे असला तर ते ओढ्यातच जाणार.

किती पाणी म्हणाल, तर हिशेब शाळेतला आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आराखड्यातल्या रस्त्याचा नुसता १,००० चौरस मीटरचा तुकडा घेतला, तर २५ मिलिमीटरच्या एका पावसात त्यावर २५,००० लिटर पाणी पडतं. झाडोऱ्याखालच्या भुसभुशीत मातीत त्यातलं पुष्कळसं मुरतं आणि पुढे आठवडेच्या आठवडे झिरपत ओढ्याला येत राहतं. पेव्हरवरून ते काही मिनिटांत येतं आणि सोबत रस्त्यावरचं तेल, धूळ, कुत्र्यांची विष्ठा आणि खत घेऊन येतं. पावसाळ्यात ओढा काठ फोडतो आणि उन्हाळ्यात कोरडा पडतो, ही तक्रार आपल्याच विभागाकडे दरवर्षी येते. तिची दोन्ही टोकं या एकाच गोष्टीला बांधलेली आहेत.

आता खताकडे येते. गोड्या पाण्यात शेवाळ किती वाढेल हे बहुतेक वेळा फॉस्फरसवर ठरतं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. त्यांतल्या २२६ क्रमांकाच्या तळ्यात १९७३ साली मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्यात ही दोन्ही आणि शिवाय फॉस्फरस. फॉस्फरसचा भाग शेवाळाने हिरवागार झाला, पडद्यापलीकडचं पाणी तसं झालं नाही. विमानातून काढलेला तो फोटो जलशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून प्रवास करतो, त्यामुळे काठ उघडा करायचा आणि वर खत टाकायचं हे दोन्ही एकदम करणं म्हणजे त्याला गाडीही देणं आणि रस्ताही.

शेवाळ वाढलं की केंद्रावर काय होतं तेही सांगते. वाळूच्या गाळण्या तुंबतात आणि पुन्हा पुन्हा उलट्या धुवाव्या लागतात. पाण्याला मातकट वास येतो. तो जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा असतो आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतका कमी असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. पहिल्या पावसात मातीला येतो तो वासही याच पदार्थाचा. अंगणात लोक त्यासाठी दारात येऊन उभे राहतात आणि नळाला आला की आम्हाला फोन करतात! इथवर ठीक आहे, वासाने कुणी आजारी पडत नाही. पण निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती यकृताला घातक विष तयार करतात. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात, ईरी सरोवरातल्या अशाच शेवाळामुळे, सुमारे ४ लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. उकळूही नका, असंही सांगितलं होतं, कारण उकळल्याने हे विष नष्ट होत नाही. त्या सरोवरातला फॉस्फरस मुख्यतः शेतांमधून आलेला होता, बागांमधून नव्हे. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर मी लॉनच्या माथी नको ते मारते आहे असं होईल. पण शेतातलं खत आवरणं किती अवघड आहे हे आपण जाणतोच. तिथे कुणाचं तरी पोट असतं. शोभेच्या गवताला घातलेल्या खतावर कुणाचंही पोट नाही, म्हणून सुरुवात तिथून करणं सोपं.

ती केल्याने फरक पडतो. मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर शहराने लॉनसाठी फॉस्फरसयुक्त खत वापरण्यावर २००६ साली बंधन आणणारा नियम केला. त्यानंतर तिथल्या ह्युरॉन नदीत फॉस्फरस सरासरी २८ टक्के घटल्याचं संशोधकांना आढळलं. मिनेसोटा राज्याने २००५ पासून राज्यभर असाच नियम लागू केला. त्यातली पळवाट शहाणपणाची आहे : मातीची तपासणी करून फॉस्फरस कमी असल्याचं दाखवलं, किंवा गवत नव्याने लावायचं असलं, तर खत घालता येतं. एरवी नाही. आपल्या निविदेत मात्र खताची पोती आधीच मोजून लिहिली आहेत, आणि मातीचा एकही नमुना घेतल्याची नोंद नाही.

दुसरी हरकत काठावर. आपण ज्याला झाडझुडूप म्हणून काढायला निघाला आहात ते ओढ्याचं काम करणारं अंग आहे. मुळं माती धरतात. वाहून आलेला गाळ गवताच्या बुंध्यात अडतो. काठच्या ओलसर मातीतले जिवाणू नायट्रेटचं रूपांतर वायूत करून ते हवेत सोडून देतात. म्हणजे केंद्रात आम्हाला जे जमत नव्हतं ते तिथे विनाखर्च चालू असतं. झाडांच्या सावलीमुळे पाणी थंड राहतं आणि थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. पडलेल्या पानांवर पाण्यातले कीटक जगतात आणि कीटकांवर मासे. लहान ओढ्यांच्या काठावरच्या झाडीवर जगभर झालेल्या अभ्यासांचा २०१४ साली एकत्र आढावा घेतला गेला. पाण्याचा दर्जा आणि त्यातली जीवसृष्टी टिकवायची तर प्रत्येक बाजूला किमान ३० मीटर रुंद झाडी हवी, असा त्याचा निष्कर्ष होता. वस्तीत ३० मीटर सगळीकडे मिळणार नाही, हे मलाही कळतं. पण जिथे आज मिळते आहे तिथे ती आपल्याच हाताने शून्यावर आणण्याला कारण काय?

भिंतीबद्दल थोडं. भिंत पाण्याचा जोर संपवत नाही. तो जोर भिंत जिथे संपते तिथे जाऊन काठ खातो. मग पुढचे लोक भिंत मागतात. ढासळणारा काठ सावरायचाच असेल तर वाळुंजाच्या जिवंत फांद्या काठात ठोकल्या की त्या तिथेच मुळं धरतात. वाळ्याची मुळं ३ मीटरपर्यंत सरळ खोल जातात आणि मातीची धूप थांबवण्यासाठी तो अनेक देशांत लावला जातो. पाण्यालगत लव्हाळा आणि पाणकणीस असतंच, ते फक्त उपटायचं नाही. पूल किंवा घराचा पाया धोक्यात असेल तिथे दगड लागतील. तेवढ्यापुरते लावावेत, पूर्ण लांबीला नकोत.

तिसरी हरकत गृहसंस्थांना दिलेल्या सूचनेला आहे, आणि ती मला जास्त लागली. काही संस्थांनी स्वतःच्या खर्चाने छपराचं पाणी गटारात सोडायचं बंद करून आवारातल्या उथळ खोलगटीत वळवलं आहे. ही पर्जन्यबाग. वीतभर खोल वाटीसारखा भाग, त्यात भुसभुशीत माती आणि ओल व कोरड दोन्ही सोसणारी झाडं. पाणी त्यात थांबतं, मुरतं आणि गाळ वरच राहतो. आपल्या निरीक्षकांनी यातल्या काहींना ‘पाणी साचण्याची जागा’ ठरवून बुजवायला सांगितलं, कारण डास. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा लागतो. नीट बांधलेली पर्जन्यबाग २४ ते ४८ तासांत कोरडी होते. तिथे डास झाले तर बाग चुकीची बांधली आहे असं समजावं आणि दुरुस्त करायला सांगावं. त्यासाठी सगळ्याच बुजवायच्या नसतात. इमारतीच्या पायापासून ती किमान ३ मीटर लांब हवी, ही अट मात्र आपण जरूर घाला. ती कुणी सांगत नाही आणि मग भिंतींना ओल येते.

पालापाचोळ्याचंही असंच. झाडाखाली पडलेली पानं तिथेच कुजू दिली तर मातीला अन्न मिळतं आणि पावसाचा मारा जमिनीवर थेट बसत नाही. तीच पानं डांबरी रस्त्यावर पडून भिजली तर त्यांच्यातला फॉस्फरस पाण्यात उतरतो आणि गटारातून थेट ओढ्यात जातो. म्हणजे रस्त्यावरची पानं पावसाआधी उचलायला हवीत आणि झाडाखालची राहू द्यायला हवीत. सध्या नेमकं उलट चाललं आहे : झाडाखालची पोत्यांत भरून जातात आणि रस्त्यावरची गटाराच्या जाळीत ढकलली जातात. सफाई कामगारांना दोष देत नाही. त्यांना जसं सांगितलं तसं ते करतात.

रोपांच्या यादीबद्दल एकच सांगते. काठावर लावायची झाडं शोभेच्या पुस्तकातून निवडू नका. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, आणि फुलं सुंदर म्हणून माणसांनी ती जगभर नेली. घाणेरीचा प्रवासही बागेतूनच सुरू झाला. आज पहिली नद्या झाकते आणि दुसरी जंगलं. ओढ्याच्या काठावर लावलेल्या रोपाचं बी पाण्याबरोबर पुढच्या सगळ्या गावांना जातं, हे यादी करणाऱ्याने ध्यानात ठेवावं. पाण्यालगत तणनाशक मारू नये हे वेगळं सांगायला लागू नये. पण निविदेत ते आहे, म्हणून सांगते.

आपल्याकडून येणारं उत्तर मला साधारण माहीत आहे. लोकांना मोकळी, नीटनेटकी जागा हवी असते. मुलांना खेळायला हवं. वाढलेल्या गवतात साप असतात. वृद्धांना चालायला सपाट वाट लागते. हे सगळं खरं आहे आणि मी स्वतः आता त्या वृद्धांतली आहे. मुलं खेळतात तिथे लॉन असू द्या, ते वरच्या सपाट भागावर, पाण्यापासून दूर. वाट करा, पण खाली पाणी मुरेल अशी, आणि तिच्या दोन्ही कडांना हातभर रुंदीचं गवत कापलेलं ठेवा. तेवढ्याने चालणाऱ्याला पुढचं दिसतं, आणि आतला झाडोरा कुणीतरी मुद्दाम राखलेला आहे हेही कळतं. लोकांना उंच गवत खटकत नाही, बेवारस जागा खटकते. कापलेली कड आणि ‘इथे ओढ्याचा काठ राखला आहे’ अशी पाटी लावून पाहा.

दुसरं उत्तर येईल की नदीचं पाणी हा पाणीपुरवठा विभागाचा विषय, उद्यानाचा नाही. न्यूयॉर्क शहराने याचा उलटा विचार केला. ९० लाखांच्या आसपास लोकांना पुरणारं त्यांचं बहुतेक पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर या डोंगराळ पाणलोटांतून येतं. प्रचंड गाळणी केंद्र उभारण्याऐवजी १९९७ साली शहराने वरच्या गावांशी आणि राज्याशी करार केला आणि पैसा पाणलोट राखण्यावर घातला. ते पाणी आजही गाळणी केंद्रातून न जाता निर्जंतुक करून नळाला येतं. आपला ओढा म्हणजे तो डोंगर नव्हे, आणि आपल्याला गाळण्या लागणारच. पण वर राखलेला प्रत्येक काठ खालच्या केंद्राचं काम कमी करतो, हे तत्त्व जागा पाहून बदलत नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. काठावरची साफसफाई पावसाळा संपेपर्यंत थांबवावी. आत्ता उघडी केलेली माती पहिल्याच मोठ्या सरीला जाईल, त्यामुळे बाकी कशावरही चर्चा व्हायच्या आधी हे व्हायला हवं. आराखडा पाणीपुरवठा विभागाच्या लेखी अभिप्रायाशिवाय पुढे नेऊ नये, आणि तो अभिप्राय सगळ्यांना वाचायला मिळावा. पाण्यालगतचा पट्टा जिथे जितका शिल्लक आहे तितका राखावा आणि नकाशावर त्याची हद्द आखावी. भिंत फक्त जिथे बांधकामाला धोका आहे तिथेच, अभियंत्याच्या सहीने. विभागाच्या कोणत्याही बागेत मातीच्या तपासणीशिवाय फॉस्फरसचं खत पडू नये. ओढ्याकडे उतरणाऱ्या जमिनीवर तणनाशक पूर्ण बंद. गृहसंस्थांना दिलेली सूचना मागे घ्यावी आणि तिच्या जागी पर्जन्यबाग कशी बांधायची, पायापासून किती लांब, किती तासांत कोरडी व्हायला हवी, याचं एक पानी पत्रक काढावं. नव्या रोपांची यादी लावण्याआधी जाहीर करावी.

मातीचे नमुने कसे घ्यायचे, किती खोलीवरून, किती ठिकाणांहून, हे आपल्या माळ्यांना शिकवायला मी तयार आहे. मानधन नको. समितीची पुढची बैठक नागरिकांसाठी खुली असेल तर मी तिथे येईन, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणारे काही जणही माझ्याबरोबर येणार आहेत. कामाचा आदेश निघण्याआधी लेखी उत्तर मिळावं, ही विनंती.

कळावे,

आपली,
जलशुद्धीकरण केंद्रातील एक निवृत्त रसायनतज्ज्ञ